ख्वाजा महमूद गवान : शिक्का खरा, पत्र खोटं

 

बीदरला चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना रंगीत फरशांचा उंच मिनार दिसतो. तो महमूद गवान यांचा मदरसा, 1472 चा. आज त्यांच्याविषयी थोडं.

गवान मूळचे इराणातल्या गिलान प्रांताचे. तिथल्या दरबारातल्या हेव्यादाव्यांमुळे घर सुटलं, ते कायमचंच. व्यापार करत करत 1453 च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरले आणि बीदरला आले. वय चाळिशी ओलांडलेलं. परक्या मुलखात नुसत्या गुणांवर ते बहामनी राज्याचे वजीर झाले. सुलतान वयाने लहान, तेव्हा राजमातेबरोबर त्यांनीच कारभार सांभाळला.

1472 मध्ये गोवा जिंकला. जमिनी मोजून सारा ठरवला. राज्याचे 4 प्रांत होते त्यांचे 8 केले. प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाकडे. राज्य बळकट झालं, पण ज्यांचा अधिकार गेला ते सरदार मनात डूख धरून बसले.

त्यांनी गवानांच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचं निमंत्रण लिहिलं आणि कागद सुलतानापुढे ठेवला. गवानांनी सांगितलं की शिक्का आपला आहे, मजकूर आपला नाही. पण सुलतान तिसरा मुहम्मद रागात होता. चौकशी केलीच नाही. 5 एप्रिल 1481 रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरीच्या या म्हाताऱ्या माणसाचा शिरच्छेद झाला.

मग त्यांची संपत्ती मोजायला माणसं गेली. जुने इतिहासकार सांगतात, वजिराच्या घरी झोपायला चटई आणि जेवायला मातीची भांडी. घरखर्च स्वतःच्या व्यापारातून. जहागिरीचं उत्पन्न फौजेच्या पगारात आणि गोरगरिबांत जायचं. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण गेलेला माणूस परत येत नाही. वर्षभरात सुलतानही वारला. पुढे राज्याचे पाच तुकडे झाले.

गुरुबंधूंनो, आपल्या घरातही असंच होतं. कुणीतरी काहीतरी दाखवतं, सांगतं, पाठवतं आणि आपण भावाशी, सुनेशी बोलणं टाकतो. रागाच्या भरात निकाल देऊ नये. आधी त्या माणसाला समोर बसवून विचारावं आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकावं. एवढं जरी आपण पाळलं, तरी घर तुटायचं वाचेल.

मुलांना वाचून दाखवा. बीदरला गेलात तर मदरसा जरूर दाखवा. 🙏