भारताच्या भूमापनाचा पाया घालणारे लॅम्बटन हिंगणघाटच्या मातीत

वडनेर (ता. हिंगणघाट), प्रतिनिधी : जंगल किती घटले, वस्ती शेतात कुठवर सरकली, पडीक जमीन किती वाढली, हे ठरवायचे तर जुना व नवा नकाशा एकमेकांवर ठेवावा लागतो. जुना नकाशा अचूक नसेल, तर हा ताळेबंद फसतो. भारताच्या नकाशाला ही अचूकता मिळवून देणारे लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे निधन वडनेरच्याच तालुक्यात, हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी झाले.

लॅम्बटन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. सैन्यात दाखल झाल्यावर ते अमेरिकेतील युद्धात लढले. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर त्यांनी दक्षिण भारताच्या शास्त्रीय मोजणीची योजना मांडली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने मोजण्यास प्रारंभ झाला. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तापमानाची नोंद ठेवून आकडे दुरुस्त केले गेले. या एका रेषेवरून त्रिकोणांचे जाळे विणले गेले. त्यात फक्त कोन मोजायचे. अंतरे गणिताने निघत.

कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले. लॅम्बटन यांनी कित्येक आठवडे खपून ते स्वहस्ते दुरुस्त केले. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सुमारे १० अक्षांशांचा पट्टा मोजून त्यांनी पृथ्वीच्या आकाराच्या अभ्यासातही भर घातली. १८१७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

सत्तरीच्या उंबरठ्यावरही ते थांबले नाहीत. हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढचे काम सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले. जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्बटन मात्र विस्मृतीत गेले.

भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १९८८ मध्ये अवकाशात गेला. त्यापूर्वीची वने, शेते व गावठाणे शोधणाऱ्यांना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचाही आधार मिळतो, आणि ते नकाशे लॅम्बटन यांनी आरंभलेल्या त्रिकोणांच्या जाळ्यावर उभे आहेत. जमिनीविषयीचा निर्णय चुकू नये म्हणून आधी मोजणी चुकता कामा नये, हाच त्यांच्या आयुष्याचा धडा होय.