शाहीर अण्णा भाऊ साठे : कामगारांच्या इतिहासाचा गायक

पोवाडा हा मराठीतील इतिहासकथनाचा एक जुना आणि जिवंत प्रकार होय. डफाच्या थापेवर आणि तुणतुण्याच्या सुरावर शाहीर प्रसंग सांगू लागतो, पाठीमागचे झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात आणि घडून गेलेली गोष्ट श्रोत्यांच्या समक्ष पुन्हा घडू लागते. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर व तुळशीदासाने सिंहगडाच्या लढाईवर रचलेल्या पोवाड्यांपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत या प्रकाराचे नायक मुख्यतः राजे, सरदार आणि योद्धे हेच राहिले. विसाव्या शतकात हा डफ गिरणीच्या दारात आणि कामगारांच्या वस्तीत नेऊन, ज्यांची बखर कोणी लिहिली नव्हती त्यांचा इतिहास ज्यांनी गाइला, त्यांत अण्णा भाऊ साठे यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. 1 ऑगस्ट 1920 रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील व आज सांगली जिल्ह्यात असलेल्या वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे, मातंग समाजात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव वालुबाई. हलगी आणि सनई यांच्यावाचून गावातले लग्नकार्य पार पडत नसे, आणि ही वाद्ये वाजविण्याचे काम परंपरेने मातंगांकडे असे. परंतु ज्यांच्या वाद्यांनी गावाचे सण साजरे होत, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. इंग्रजी अमलातील गुन्हेगार जमातींच्या कायद्याने या समाजावर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला होता. सरकारी दप्तरात या माणसांची नोंद होती ती हजेरीपटावर. अण्णा भाऊंच्या पुढील साऱ्या निर्मितीच्या मुळाशी हा विरोध आहे.

शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ लाभलेच नाही. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे कुटुंब पोटासाठी मुंबईस आले. हा प्रवास त्यांनी बव्हंशी पायी केला. मुंबईत मिळेल ते काम करीत आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे वाचत या मुलाने अक्षरओळख करून घेतली. पुढे तो गिरणीत लागला आणि तेथेच कामगार चळवळीशी त्याचा संबंध आला. मध्यंतरी गावी परतल्यावर चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात गण, गवळण, बतावणी आणि वग या अंगांचे शिक्षण झाले. मुंबईने त्यांना विषय दिला आणि फडाने तो मांडण्याची रीत दिली, असे म्हणता येईल. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असताना त्यांनी तेथील डासांवर गाणे रचल्याचे सांगितले जाते. विषय वरवर क्षुल्लक वाटेल; पण वस्तीचे रोजचे दुःख त्याच वस्तीला चालीवर ऐकविण्याची ही सुरुवात होती.

1943 साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गाकाठचे ते नगर ना त्यांनी पाहिले होते, ना त्यांच्या श्रोत्यांनी. तथापि गडाच्या झुंजीचे वर्णन ऐकण्याची सवय असलेल्या कामगाराला वेढ्यात सापडलेल्या आणि गल्लीगल्लीतून लढणाऱ्या नगराची कथा परकी वाटली नाही. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची रचना यांचा संयोग विलक्षण परिणामकारक ठरला. बंगालचा दुष्काळ असो की फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीतील दंगली, दूरची घटना मराठी श्रोत्यापर्यंत डफासह पोचू लागली.

या दृष्टीने अमळनेरच्या हुतात्म्यांवरील त्यांचा पोवाडा विशेष लक्षणीय आहे. 1946 साली खानदेशातील अमळनेर येथे गिरणी कामगारांवर गोळीबार झाला. अशा घटनेची सरकारी नोंद मृतांच्या संख्येपाशी संपते. शाहिराला मात्र एका गावातील मरण दुसऱ्या गावातील श्रोत्याला आपल्याच घरातले वाटेल असे सांगावयाचे असते. झीलकऱ्यांनी ओळ उचलली आणि तिच्यात श्रोत्यांचा सूर मिसळला की ऐकणाराही साक्षीदार बनतो. तटस्थ इतिवृत्त म्हणून हे पोवाडे वाचणे योग्य नव्हे, कारण शाहीर उघडपणे एक बाजू घेतो. परंतु त्या काळच्या श्रमिकाला आपल्या भोवतीच्या घटनांचा कोणता अर्थ जाणवत होता, हे पाहू जाता त्यांच्याइतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच सापडेल.

तमाशाच्या घडणीतही त्यांनी बदल केला. गणातील देवतास्तवनाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि श्रम यांना वंदन आले, गवळण गळाली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ यांसारख्या वगांतून सावकार, काळाबाजारवाले आणि पुढारी रंगमंचावर आले. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. जी कला प्रयोगातच जगते, तिच्यावरील बंदी ही ग्रंथावरील बंदीहून अधिक कठोर असते. कारण ग्रंथ लपवून ठेवता येतो, डफ लपून वाजविता येत नाही. तरीही तमाशाचे हे नवे रूप लोकनाट्य या नावाने रुजले. 1949 साली अलाहाबाद येथील अधिवेशनात भारतीय जननाट्य संघाचे अध्यक्षपद अण्णा भाऊंकडे आले, ही गोष्ट त्यांच्या कार्याची मराठीबाहेरही दखल घेतली गेल्याची साक्ष होय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची शाहिरी बहरास आली. वाळवे तालुक्यातीलच रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांनी पूर्वी मुंबईच्या वैभवावर लावणी रचली होती. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त तीच नगरी मलबार हिल आणि परळ अशा दोन भागांत दुभंगलेली दिसते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड तर सर्वतोमुखी झाली. पोटासाठी मुंबईस आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची कारभारीण यांची ताटातूट सांगता सांगता ती बेळगाव, कारवार यांसारख्या सीमाभागाच्या वियोगापर्यंत येऊन पोचते. एका घरातील विरह आणि एका प्रांताचा प्रश्न येथे एकाच चालीत बांधले गेले.

1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना त्यांनी पृथ्वीचा भार शेषावर नसून श्रमिकांच्या तळहातावर असल्याचे प्रतिपादन केले. 1959 साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. दुष्काळात आपल्या माणसांना जगविण्यासाठी इंग्रजी सत्तेशी झुंजलेल्या मातंग वीराची ही कथा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘फकिरा’ची वेगवान, प्रसंगाकडून प्रसंगाकडे झेप घेणारी निवेदनशैली पाहता, तिच्यामागील शाहीर वाचकाला सहज ओळखू येतो.

कीर्ती मिळाली, पण दारिद्र्य सुटले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत त्यांच्या आयुष्याची दोन दशके गेली. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग तेथेच झाला. कलापथकातील सहकारी पांगले होते. 18 जुलै 1969 रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्ट रोजी, अमर शेख अपघातात गेले. रचना आणि आवाज दोन्ही एकाच पावसाळ्यात निमाले.

आज त्यांचे पोवाडे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि अभ्यासक्रमांतूनही वाचले जातात. पण छापील ओळीत झील नसते आणि डफही नसतो. दर 1 ऑगस्टला वस्त्यावस्त्यांतून एखादा तरुण शाहीर हलगीच्या कडकडाटात मैनेची छक्कड उचलतो, आणि गिरण्या ज्याने कधी चालू पाहिल्या नाहीत असा श्रोताही तिच्यात आपल्या आजोबांचे मुंबईला येणे ऐकतो.