उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय? हे शोधायचा हिशोब देणाऱ्या मास्तरलाही बॅटरीनेच फसवलं होतं

गणपतीला गावी गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी सांताक्रूझला परततं. सोसायटीत उभ्या गाडीला चावी मारली तर नुसतं टिकटिक. बॅटरी उतरलेली.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडा करंट घेतातच. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. तोच अर्धा अँपिअर झाला, तर ४० अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांच्या आतच संपते.

चोर शोधायला इलेक्ट्रिशियन बॅटरी चार्ज करतो, गाडी बंद करून अर्धा तास थांबतो आणि मल्टिमीटरच्या सुया एकेका फ्यूजच्या डोक्यावर टेकवतो. जिथे मिलिव्होल्टचा आकडा दिसला, तिथून करंट वाहतोय. फ्यूजचा रोध ठाऊक असला की किती वाहतोय तेही कळतं. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच.

हा जॉर्ज सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये जन्मला. बाप कुलपं बनवायचा. स्वतःच शिकला आणि पोरांनाही गणित त्यानेच शिकवलं. पोरगा मात्र कॉलेजात नाच, बिलियर्ड्स आणि स्केटिंगमध्ये रमला. बाप भडकला आणि ओहमला शिक्षण अर्धवट टाकून स्वित्झर्लंडला मास्तरकी करावी लागली. डॉक्टरेट मिळाली १८११ मध्ये.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवू लागला. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. तारांची लांबी बदलायची आणि करंट किती कमी होतो ते बघायचं, असा त्याचा उद्योग. पण त्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच उतरायच्या. १८२५ मध्ये त्याने सूत्र छापलं, ते चुकीचं निघालं.

दोष तारेत नव्हता, बॅटरीत होता. पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सल्ल्याने ओहमने बॅटरीच बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब स्थिर राहिला आणि १८२६ मध्ये आकडे जुळले.

१८२७ मध्ये पुस्तक आलं. प्रोफेसरकी मिळेल या आशेवर असलेल्या ओहमला टीकाच मिळाली. विजेत एवढं गणित जर्मन विद्वानांना रुचेना. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षं बर्लिनमध्ये शिकवण्या करून काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गला नोकरी लागली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे घरच्यांनाही किंमत कळली. म्युनिकची प्रोफेसरकी १८५२ मध्ये मिळाली, म्हणजे साठी उलटल्यावर! दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी तो गेला.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या एककाला त्याचं नाव मिळालं. मल्टिमीटरच्या डायलवर घोड्याच्या नालासारखं जे चिन्ह दिसतं, ते त्याचंच.