आसगावचा नेव्हिल

गेल्या सुट्टीत मी इंदूरला मामांकडे गेलो होतो. त्यांचे बिऱ्हाड भंवरकुआं भागात आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांमुळे तो भाग विद्यार्थ्यांनी नेहमी गजबजलेला असतो. माझा मामेभाऊही अशाच एका वर्गाला जातो. एका रात्री त्याची सामान्य ज्ञानाची वही घेऊन मी त्याला प्रश्न विचारीत बसलो होतो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण, या प्रश्नाला त्याने तत्काळ उत्तर दिले : नेव्हिल डिसोझा. पण हा नेव्हिल कुठला, हे त्याला सांगता येईना. मलाही ते ठाऊक नव्हते. आपल्या सीमाभागाला गोवा इतका जवळ, आणि गोव्याच्या या पुत्राविषयी आपण अनभिज्ञ असावे, याची मला लाज वाटली. म्हणून परत आल्यावर मिळाली तेवढी माहिती जमविली.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. त्याचे नाव झाले ते मात्र मुंबईत. टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून तो आघाडीवर खेळे. फुटबॉलवर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळूनच मैदानावर उतरत.

१९५२ साली हेलसिंकी येथे आपल्या संघाने युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ असा मार खाल्ला होता. त्या वेळी आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. पुढच्या चार वर्षांत पायांत बूट आले आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी संघाला शिस्तीचा खेळ शिकविला. १९५६ साली समर बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली मेलबर्नला गेलेल्या संघात २४ वर्षांचा नेव्हिल होता.

हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार पडली. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नेव्हिलने नवव्या मिनिटाला गोल केला आणि ऑस्ट्रेलियाने तो फेडला. त्याने तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा केला, तोही त्यांनी फेडला. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला त्याने तिसरा गोल केला. पुढे किट्टूने चौथा चढविला आणि भारत ४ विरुद्ध २ असा जिंकला.

उपान्त्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा संघ चक्क आघाडीवर गेला! ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. अखेर १ विरुद्ध ४ असा पराभव झाला. पुढे बल्गेरियानेही ३ विरुद्ध ० असे हरविले आणि कांस्यपदक हुकले. नेव्हिलचे चार गोल मात्र त्या स्पर्धेत सर्वाधिक ठरले. या मानात युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव्ह हे त्याचे वाटेकरी होते. भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये गाठलेले ते चौथे स्थान आजही आपले सर्वोच्च स्थान आहे.

मला विशेष वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. परदेशात भारतासाठी गोल करणाऱ्या या खेळाडूचे जन्मगाव त्या दिवशी भारतात नव्हते. मुंबईहून आसगावला जायचे तर परकी सरहद्द ओलांडावी लागे. मेलबर्नच्या मैदानावर तो भारताचा होता, त्याचे गाव मात्र पोर्तुगालचे होते. पाच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला आणि ते गावही भारताचे झाले.

१७ मार्च १९८० रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, नेव्हिल निवर्तला. परीक्षेच्या वहीत त्याच्या वाट्याला एक ओळ आली आहे. गुण मिळविण्यास ती पुरेशी असेल. मी मामेभावाला पत्र टाकून त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावयास सांगितले आहे : गाव आसगाव, तालुका बार्देश.