पेशींना रंगाचा टॅग लावणारा डॉक्टर: पॉल एर्लिश

तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते, हे आपल्याला माहीत आहे. तरी एक कोडं उरतंच. दोन पेशंट आहेत, गाठीचा आकार सारखा, स्टेज सारखी, ऑपरेशनही सारखंच. एकाचा आजार परत येत नाही, दुसऱ्याचा मात्र काही महिन्यांत मानेच्या गाठींमध्ये डोकं वर काढतो. हा फरक आधीच ओळखता येईल का? त्यासाठी संशोधक आता गाठीत आणि तिच्या कडेला जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी मोजून बघतायत. ही मोजणी ज्याच्या कामावर उभी आहे, त्या पॉल एर्लिशची ही गोष्ट.

रंगांचं वेड

एर्लिशचा जन्म १४ मार्च १८५४ चा, श्ट्रेलेन गावातला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. त्याच्या आईच्या नात्यातला कार्ल वायगर्ट हा पॅथॉलॉजिस्ट. कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग तो सूक्ष्मदर्शकाखाली वापरायचा. पॉलला हे वेड तिथूनच लागलं.

१८७८ मध्ये त्यानं लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली, तीही पेशी रंगवण्याच्या विषयावर. त्याच्या डोक्यात प्रश्न साधा होता: एखादा रंग ठरावीक पेशीलाच का चिकटतो? रंग आणि पेशी यांच्यात काहीतरी रासायनिक जुळणी असणार. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या पेशीला वेगळा टॅग लावता येईल! बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये त्यानं हेच केलं. तोवर सगळ्या पांढऱ्या पेशी जवळपास एकसारख्याच दिसायच्या. त्यानं रंगांवरून त्यांचे प्रकार पाडले. इओसिन हा रंग पकडणाऱ्या पेशी म्हणजे इओसिनोफिल. हे नाव आजही आपल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतं.

रंगाकडून औषधाकडे

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. एर्लिशनं लगेच तो रंगवायची जास्त चांगली पद्धत काढली. पुढे त्याला स्वतःलाच टीबी झाला आणि हवापालटासाठी इजिप्तला जावं लागलं. परतल्यावर तो कॉखच्या संस्थेत रुजू झाला आणि घटसर्पावरच्या सीरमची ताकद नेमकी मोजायची पद्धत त्यानं बसवली. अँटिबॉडी हा शब्दही त्याच्याच लिखाणातून रूढ झाला.

त्याचं म्हणणं होतं की पेशीवर खाचा असतात आणि विष त्यात किल्लीसारखं बसतं. या कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला मेच्निकॉफबरोबर विभागून मिळालं. १९०९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हातानं सिफिलिसवर ६०६ नंबरचं संयुग यशस्वी करून दाखवलं. पुढच्याच वर्षी ते साल्वरसान नावानं बाजारात आलं.

कॅन्सरबद्दलचा अंदाज

फ्रँकफर्टला एर्लिश उंदरांमधल्या कॅन्सरवरही काम करत होता. १९०९ मध्ये त्यानं एक अंदाज मांडला: शरीरात बिघडलेल्या पेशी वरचेवर तयार होत असणार, पण आपली संरक्षण यंत्रणा त्यांना दाबून टाकते, नाहीतर कॅन्सर कितीतरी जास्त दिसला असता. तेव्हा हे सिद्ध करायला साधनंच नव्हती. टी-पेशींची ओळख पटायलाही १९६० चं दशक उजाडावं लागलं.

दिवसाला पंचवीसेक कडक सिगार ओढणारा हा माणूस ऑगस्ट १९१५ मध्ये, ६१ व्या वर्षी गेला.

आज हे कुठे कामाला येतं?

तोंडातल्या गाठीचा पातळ काप घेतात. त्यावर सीडी८ टी-पेशींनाच चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि ती जिथे चिकटते तिथे रंग उमटवतात. बघा, एर्लिशचे रंग आणि एर्लिशच्या अँटिबॉडी एकाच स्लाइडवर आल्या! बऱ्याच अभ्यासांत असं दिसलंय की या पेशी गाठीत भरपूर असतील तर पेशंटची वाटचाल बरी असते. इओसिनोफिलबद्दल मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे, कारण तंबाखू आणि गुटखा आपल्याकडे नाक्यानाक्यावर मिळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ मधल्या अभ्यासात, सुरुवातीच्या स्टेजला मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के पेशंट तीन वर्षांनी जिवंत होते. वाट बघून, गरज पडल्यावर काढलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणून आधीच काढणं योग्य ठरलं. पण त्यात अशा कितीतरी जणांच्या मानेवर सुरी चालते, ज्यांच्या गाठींत कॅन्सर पोचलेलाच नसतो. पेशींची मोजणी भरवशाची ठरली, तर कोणाला जास्त उपचार हवेत आणि कोणाला कमी पुरतील हे सांगायला मदत होईल. अजून ती स्टेज ठरवण्याच्या नियमांत आलेली नाही. मोजायचं कुठे आणि किती म्हणजे भरपूर, यावर आधी एकमत व्हायला हवं.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली, तर गुगल करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.