तंजावरचे सरफोजी राजे

शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं 1675 च्या सुमारास कावेरीकांठीं तंजावर येथें मराठी राज्य स्थापिलें. पुढें सुमारें पावणेदोनशें वर्षें त्या तमिळ मुलुखांत राजाचें दप्तर मोडींत लिहिलें जात होतें. या घराण्यांतील शेवटून दुसरे राजे म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजीं झाला.

तुळजाजी राजे यांचीं स्वतःचीं मुलें वारलीं होतीं. म्हणून 1787 सालीं, मरणाच्या थोडेच दिवस आधीं, त्यांनीं भोसले कुळांतील या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें व त्याचा हात एका पाद्र्याच्या हातीं देण्याचा विचार केला. हे पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ यांचा जन्म 1726 मध्यें प्रशियांतील एका लहान गांवीं झाला. शिक्षण हाल्ले येथील लूथरपंथीय विद्यापीठांत झालें. त्या गांवीं फ्रांके नांवाच्या अध्यापकानें अनाथ मुलांसाठीं मोठी शाळा काढली होती, आणि विद्या ही सेवेसाठींच घ्यावयाची असा तेथील शिरस्ता होता. हाल्लेच्याच दोन विद्यार्थ्यांनीं 1706 सालीं डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें तरंगंबाडीस येऊन पहिलें लूथरपंथीय कार्य सुरू केलें होतें. श्वार्ट्झ तेथें 1750 मध्यें आले ते पुन्हा मायदेशीं गेलेच नाहींत. ते तमिळ शिकले, मुसलमानांशीं बोलतां यावें म्हणून हिंदुस्थानी व फारशी शिकले, आणि तंजावरच्या दरबारासाठीं मराठी. हैदरअल्लीच्या स्वारींत तंजावरास दुष्काळ पडला तेव्हां त्यांनीं स्वस्ताईंत घेऊन ठेवलेला तांदूळ भुकेल्यांस वांटला. किल्ल्यांतील शिबंदीस धान्य मिळेना. कारण पैसे मिळतील असा भरंवसा शेतकऱ्यांस ना राजाचा होता ना कंपनीचा. श्वार्ट्झ यांनीं शब्द दिला आणि बैल व धान्य आलें.

असा हा पुरुष. पण मुलाचा सांभाळ एकट्यानें करण्यास त्यांनीं नकार दिला. राजाचे बंधु अमरसिंग यांनीं कारभार पाहावा असा सल्ला त्यांनीं दिला. सल्ला सरळ मनानें दिलेला होता, परंतु त्याचें फळ मुलास भोगावें लागलें. पंडितांनीं दत्तविधान अशास्त्र ठरविलें, कंपनीनें अमरसिंगास गादीवर बसविलें, व सरफोजीस वाड्यांत कोंडून ठेवण्यांत आलें. ना मोकळी हवा, ना शिक्षक. श्वार्ट्झ यांनीं मद्रासेस पत्रांवर पत्रें लिहून मुलाभोंवतीं कंपनीचा पहारा बसवून घेतला. शिक्षणाची सोय केली. आणि तेवढ्यानेंहि धोका टळेना तेव्हां 1793 मध्यें त्यास तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासेस पोंचविलें. तेथें गेरिके नांवाच्या दुसऱ्या लूथरपंथीय पाद्र्यानें त्यास शिकविलें. दत्तकाचा प्रश्न पुन्हा निघाला, शास्त्रार्थ उलट निघाला, आणि जून 1798 मध्यें सरफोजींस राज्याभिषेक झाला. श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षीं 13 फेब्रुवारीस निवर्तले होते. शिष्यानें विलायतेंतील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचें संगमरवरी स्मारक करवून आणविलें, तें तंजावरच्या देवळांत आहे: गुरु मरणशय्येवर, राजा त्यांचा हात धरून, आणि जवळ शाळेंतील मुलें.

गादीची किंमत मोठी पडली. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहानें राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, तनखा व मान एवढेंच उरलें. सत्ता नाहीं म्हणून राजे पुस्तकांत रमले, असें कोणी म्हणतात. मला तें पुरेसें वाटत नाहीं. कारण मुलूख गेल्यावर त्यांनीं कंपनीपाशीं आग्रहानें मागितलें तें अन्नछत्रांचें रक्षण. 1801 सालीं त्यांनीं रेसिडेंटास लिहून कळविलें कीं, रामेश्वराच्या वाटेवरील या छत्रांतून ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्वांस अन्न मिळतें, आजाऱ्यास वैद्य व बाळंतिणीस शुश्रूषा मिळते, आणि पोरक्या मुलांस गुरूच्या हवालीं करून शिकविलें जातें. हीं बंद पडलीं तर आपली अब्रू जाईल, असें त्यांस वाटत होतें.

त्यांनीं स्वतः मुक्तांबाळ या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ ओरत्तनाडु येथें नवें छत्र बांधलें व त्यास शाळा जोडली. तेथें तमिळ, तेलुगु, मराठी, संस्कृत, फारशी आणि इंग्रजी शिकवीत. मुलें निरनिराळ्या जातीधर्मांचीं असत व फी नसे. आपल्या किनवटच्या बाजारांत मराठी, तेलुगु, गोंडी, बंजारा व उर्दू एकत्र ऐकूं येतात, म्हणून ही गोष्ट आपणांस साधी वाटेल. परंतु त्या काळीं बहुतेक ठिकाणीं जातीवरून विद्या ठरत असे, हें ध्यानांत घ्यावें. मुलांस पुस्तकें हवींत म्हणून राजांनीं 1805 च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर, बालबोधमुक्तावली, तेथें 1806 मध्यें छापलें गेलें. मुंबईंत शाळांसाठीं मराठी पुस्तकें निघूं लागलीं तीं याच्या नंतर, हें आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें.

राजे स्वतः हिंदूच राहिले. गुरूंनीं धर्म सांगितला असेल, पण शिकविण्यासाठीं तो स्वीकारण्याची अट घातली नाहीं. आणि शिष्यानेंहि कृतज्ञता दाखवितांना हात आंखडला नाहीं. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनासाठीं त्यांनीं कण्णंदगुडी येथें संस्था काढली, नागोरच्या दर्ग्यास देणगी दिली, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 सालीं भोसल्यांचा इतिहास मराठींत कोरविला. धन्वंतरी महालांत देशी व विलायती वैद्यकांचा मेळ घालण्याचा यत्न चाले. नेत्ररोग्यांच्या तर सविस्तर नोंदी ठेवल्या असून रोगट डोळ्यांचीं रंगीत चित्रेंहि काढलेलीं आहेत.

सन 1820 मध्यें ते सुमारें तीन हजार माणसांसह काशीयात्रेस निघाले. वाटेंत व काशींत त्यांनीं हस्तलिखितें विकत घेतलीं, जीं विकत मिळेनात त्यांच्या नकला करविल्या. तीं सर्व वाड्यांतील सरस्वती महाल ग्रंथालयांत आलीं. इंग्रजी, फ्रेंच व जर्मन ग्रंथ आधींपासून तेथें होतेच.

सरफोजी 7 मार्च 1832 रोजीं वारले. पुत्र शिवाजी 1855 मध्यें औरस पुत्रावांचून निवर्तल्यावर कंपनीनें तेंहि उरलेंसुरलें राज्य बुडविलें. ग्रंथालय मात्र टिकलें. तें 1918 पासून सर्वांस खुलें असून त्यांतील मराठी हस्तलिखितें सुमारें तीन हजार आहेत.