डॉक्टरकी सोडून गोल्फची मैदानं आखणारा ॲलिस्टर मॅकेन्झी, ज्याचं गणित आज वाळवंटातही चालतं

अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य. पाऊस जेमतेम, उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास आणि जिकडे बघावं तिकडे वाळू, दगड आणि माणसापेक्षा उंच निवडुंग. आपल्याकडे अशी जमीन असती तर कुणी फुकटही घेतली नसती. पण या राज्यात गोल्फची शेकडो मैदानं आहेत.

आता वाळवंट म्हटलं की पाण्याचा प्रश्न आलाच. म्हणूनच तिथल्या मोठ्या शहरांच्या पट्ट्यात नव्या मैदानावर गवत किती लावायचं याला सरकारी मर्यादा आहे. १८ होलच्या मैदानाला साधारण ९० एकर. त्यापलीकडे सगळं वाळवंट. तिथे चेंडू गेला की तो दगडावर आपटणार, निवडुंगात अडकणार किंवा सापडणारच नाही.

मग अशा ठिकाणी मैदान आखायचं कसं आणि त्यावर खेळायचं कसं?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर एका ब्रिटिश डॉक्टरने जवळपास शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. गंमत म्हणजे त्याची गाजलेली मैदानं वाळवंटात नाहीत, ती समुद्रकाठी आणि हिरव्यागार टेकड्यांवर आहेत. त्याचं नाव ॲलिस्टर मॅकेन्झी.

त्याच्या गोष्टीकडे जाण्याआधी गोल्फचं एक वैशिष्ट्य समजून घेऊ. क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही जा, २२ यार्डांचीच असते. गोल्फमध्ये असं माप नाही. चेंडू जिथून पहिल्यांदा मारायचा ती जागा म्हणजे टी. ज्या मऊ हिरवळीवर तो खड्डा असतो ते ग्रीन. या दोघांच्या मधला गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. यातली कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे पूर्णपणे मैदान आखणाऱ्याच्या हातात असतं. म्हणजे गोल्फमध्ये खेळाडूचा सामना फक्त समोरच्या खेळाडूशी नसतो, मैदान आखणाऱ्याच्या डोक्याशीही असतो.

तर मॅकेन्झीचा जन्म ३० ऑगस्ट १८७० चा. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं नॉर्मंटन हे त्याचं गाव, घराणं मात्र मूळचं स्कॉटिश. वडील डॉक्टर होते. पोराने केंब्रिजला शिक्षण घेतलं आणि तोही डॉक्टर झाला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं असतं तर लीड्स शहरात लोकांची नाडी तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं असतं.

पण मध्ये युद्ध आलं.

१८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. एका बाजूला बलाढ्य ब्रिटिश फौज, दुसऱ्या बाजूला बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी. मॅकेन्झी सर्जन म्हणून तिकडे गेला. तिथे त्याला एक गोष्ट खटकली. संख्येने कमी असलेले बोअर ब्रिटिशांना जेरीस आणत होते, कारण ते दिसतच नव्हते.

मराठी माणसाला गनिमी कावा काय असतो हे वेगळं सांगायला नको. बोअरांचंही तसंच होतं. १८९९ च्या डिसेंबरमधली मॅगर्सफोंटेनची लढाई हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ब्रिटिशांना वाटलं शत्रू टेकडीवर आहे, म्हणून त्यांनी टेकडीवर तोफा डागल्या. बोअर मात्र टेकडीच्या पायथ्याशी खंदक खणून बसले होते. ते खंदक जमिनीत इतके मिसळून गेले होते की ब्रिटिश सैनिक जवळ येईपर्यंत त्यांना पत्ताच लागला नाही.

मॅकेन्झीने यातून एक धडा घेतला. माणसाने बनवलेली गोष्ट निसर्गात अशी मिसळली पाहिजे की ती कुणीतरी बनवली आहे हेच कळू नये. आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना फसवता आलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

युद्धावरून परतल्यावर त्याने डॉक्टरकी पुन्हा सुरू केली, पण डोक्यात गोल्फ होता. तो स्वतः काही फार मोठा खेळाडू नव्हता. पण घरी बसून ग्रीन आणि बंकरचे नमुने बनवत बसायचा. १९०७ मध्ये लीड्सजवळ ऑलवुडली क्लबचं मैदान तयार होत होतं, त्याची आखणी त्याने केली. त्याच्या कल्पना क्लबमधल्या काही जणांना फारच वेगळ्या वाटल्या. शेवटी त्या काळचा नावाजलेला आखणीकार हॅरी कोल्ट याला सल्ल्यासाठी बोलावलं. कोल्टने मॅकेन्झीचे नमुने पाहिले आणि त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे काही वर्षं हे दोघं भागीदार म्हणूनही काम करत होते.

लोकांना यात वेगळं काय वाटत होतं?

त्या काळी बरीच मैदानं शिक्षा देण्याच्या हिशोबाने बनवलेली असायची. फेअरवेच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवा बंकर. ज्याच्या अंगात ताकद आहे तो चेंडू वरून मारणार. म्हातारा किंवा नवखा खेळाडू दरवेळी त्यात अडकणार. यात विचार करायला जागाच नव्हती.

मॅकेन्झीने हे गणित उलटं केलं. त्याच्या आखणीत फेअरवे रुंद असायचा, पण अडथळा तिरका किंवा एका बाजूला असायचा. तुम्ही धोका पत्करून अडथळ्याजवळून चेंडू मारला, तर पुढचा फटका सोपा. लांबून सुरक्षित गेलात तर चेंडू वाचला, पण पुढचा फटका अवघड. म्हणजे कमकुवत खेळाडूला वाट मोकळी आणि तगड्या खेळाडूला मोह. गर्दी करून बंकर खणण्यापेक्षा मोजकेच बंकर योग्य जागी असावेत, असं त्याचं मत होतं. आणि खेळाडूचा वेळ हरवलेला चेंडू शोधण्यात जाऊ नये यावर तर तो ठाम होता.

यामागे त्याच्यातला डॉक्टरही होता. मोकळ्या हवेत चालणं, थोडी चुरस आणि थोडा आनंद यातून माणसाची तब्येत सुधारते असं तो मानायचा. मग मैदानच माणसाला वैताग आणत असेल तर त्याचा उपयोग काय?

१९१४ मध्ये इंग्लंडच्या 'कंट्री लाइफ' या नियतकालिकाने एक स्पर्धा घेतली. एका होलची सगळ्यात चांगली आखणी पाठवायची. परीक्षकांमध्ये चार्ल्स डार्विनचा नातू, गोल्फवर लिहिणारा बर्नार्ड डार्विन होता. मॅकेन्झीने असा होल काढून पाठवला ज्याच्या ग्रीनपर्यंत पोहोचायला एक नाही, अनेक वाटा होत्या. ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे वाट निवडायची. बक्षीस त्यालाच मिळालं. न्यूयॉर्कजवळच्या लिडो इथल्या मैदानात त्या होलवरून एक होल बनवलाही गेला.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. मॅकेन्झी पुन्हा डॉक्टर म्हणून लष्करात गेला, पण नंतर कॅमोफ्लाजच्या, म्हणजे खंदक आणि तोफा शत्रूच्या नजरेपासून लपवण्याच्या कामाकडे वळला. युद्ध संपलं तेव्हा वैद्यकीय पेशा मागे पडला होता. १९२० मध्ये त्याचं गोल्फ मैदानांच्या आखणीवरचं पुस्तक आलं. चांगलं मैदान कसं असावं याची १३ सूत्रं त्याने त्यात मांडली. १९२४ मध्ये त्याने स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा बारकाईने मोजमाप करून काढलेला नकाशा तर आजही लोक भिंतीवर लावतात.

पुढची काही वर्षं हा माणूस जग फिरला. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाऊन मेलबर्नच्या वालुकामय जमिनीवर रॉयल मेलबर्नचं मैदान आखलं. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात सायप्रेस पॉइंट सुरू झालं. तिथला १६ वा होल जगप्रसिद्ध आहे. टी आणि ग्रीनच्या मध्ये थेट प्रशांत महासागर. २०० यार्डांहून जास्त अंतर पाण्यावरून एका फटक्यात पार करायचं. पण ज्याला ते झेपणार नाही त्याच्यासाठी डावीकडे जमिनीवरून जायची सोय आहे. एक फटका जास्त लागेल, पण चेंडू समुद्रात जाणार नाही. मॅकेन्झीचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका होलमध्ये आहे.

हे मैदान बॉबी जोन्सने पाहिलं. जोन्स म्हणजे तेव्हाचा गोल्फचा सुपरस्टार. १९३० मध्ये त्याने त्या वर्षीच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी निवृत्ती घेतली. त्याला जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे स्वतःच्या मनासारखं मैदान बनवायचं होतं. त्यासाठी त्याने मॅकेन्झीला बोलावलं.

हेच ते ऑगस्टा नॅशनल, जिथे आज मास्टर्स स्पर्धा होते. सुरुवातीला या अख्ख्या मैदानावर फक्त २२ बंकर होते. तिथल्या १३ व्या होलला ग्रीनच्या पुढ्यात ओढा आहे. दुसऱ्या फटक्यात ओढा ओलांडायचा की अलीकडेच थांबायचं, या एका निर्णयावर आजही मोठमोठ्या खेळाडूंची गणितं फिसकटतात.

पण टायमिंग वाईट होतं. अमेरिकेत महामंदी आली होती. ऑगस्टाला सदस्य मिळत नव्हते, तिजोरीत खडखडाट होता. मॅकेन्झीची फी १०,००० डॉलर ठरली होती, ती ५,००० वर आली. त्यातलेही २,००० च त्याच्या हातात पडले. नवी कामं थांबली होती. जगभर नाव कमावलेल्या या माणसाला उरलेल्या पैशांसाठी पत्रं लिहावी लागली.

६ जानेवारी १९३४ ला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये, त्यानेच आखलेल्या पासाटिएम्पो मैदानाच्या कडेला असलेल्या घरी तो गेला. वय ६३. ऑगस्टामधली पहिली स्पर्धा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झाली. मैदानावर गवत आल्यानंतर ते कसं दिसतं हे त्याने कधीच पाहिलं नाही. त्याने लिहून ठेवलेलं दुसरं पुस्तकही तसंच पडून होतं. ते हस्तलिखित कित्येक दशकांनी सापडलं आणि १९९५ मध्ये छापलं गेलं.

आता पुन्हा ॲरिझोनाच्या वाळवंटात येऊ.

तिथे बनलेल्या बऱ्याच मैदानांनी गवताची छोटी छोटी बेटं केली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चेंडू मारायचा, मधे सगळं वाळवंट. दिसायला जबरदस्त, पण नवख्या खेळाडूचे चेंडू धडाधड हरवतात आणि निवडायला दुसरी वाट नसते. म्हणजे मॅकेन्झी ज्याच्या विरोधात होता तो सरळ आडवा बंकरच वाळवंटाच्या रूपात परत आला.

पण दुसरा रस्ताही आहे. स्कॉट्सडेलजवळ टॉकिंग स्टिक नावाचं ठिकाण आहे. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने १९९० च्या दशकात तिथे सपाट वाळवंटात मैदानं आखली. उत्तरेकडच्या मैदानावर दुसऱ्या होलच्या डाव्या बाजूने कुंपण जातं. कुंपणापलीकडे चेंडू गेला की दंडाचा फटका. पण फेअरवे ऐसपैस आहे. उजवीकडे खेळलात तर निवांत, फक्त तिथून ग्रीनकडे जायचा कोन वाईट. कुंपणाला चिकटून खेळलात तर कोन मस्त, फक्त काळजात धडधड. ना तलाव, ना धबधबा, ना डोंगर. एक साधं कुंपण आणि खेळाडूच्या मनातला मोह, बस्स.

म्हणून वाळवंटात खेळताना पहिला प्रश्न चेंडू किती लांब जाईल हा नसतो. फटका चुकला तर तो कोणत्या बाजूला जाऊन पडेल, हा असतो. त्या बाजूला गवत असेल अशी दिशा धरायची आणि मोठा फटका तेव्हाच काढायचा जेव्हा त्यातून पुढे खरंच काही मिळणार असेल. मैदान आखणाऱ्याचं काम एवढंच की खेळाडूला निवड करता येईल इतकी जागा ठेवायची. गवत ९० एकरच मिळणार असेल, तर ते कुठे रुंद आणि कुठे अरुंद ठेवायचं यातच सगळं कसब आहे. पाणी कमी आहे म्हणून वाटाही कमी असाव्यात असं थोडंच आहे?

ज्या मैदानाचे पूर्ण पैसे मॅकेन्झीला कधी मिळाले नाहीत, त्यावर दर एप्रिलमध्ये जगातले सगळ्यात भारी खेळाडू त्यानेच विचारलेला प्रश्न सोडवायला येतात. आणि त्याच प्रश्नाचं उत्तर वाळवंटात शनिवार-रविवारी खेळायला आलेला साधा खेळाडूही शोधत असतो. धोका घ्यायचा की वळसा?

यंदा मास्टर्स बघायला बसलात तर १३ व्या होलवर दुसरा फटका मारण्याआधी खेळाडू किती वेळ विचार करतोय तेवढं बघा. तो समोरच्या ओढ्याकडे बघत असतो, पण त्याची खरी लढाई मॅकेन्झीशी चालू असते.